लोकलमधून पडून भावाचा पाय गेला, जबाबात लिहिलंय "रूळ ओलांडताना" – आता काय करायचं?

सहा_बावीस_लेडीज

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय २६, एका कुरिअरच्या गोडाऊनमध्ये कामाला आहे. मागच्या महिन्यात संध्याकाळी कामावरून येताना लोकलमधून पडला. स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे केस करायची की नाही तेच अजून ठरत नाही. दारात उभा होता, म्हणजे आत शिरायला जागाच नव्हती, एक हात दांड्याला आणि दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. गाडीने झटका दिला, आतून रेटा आला आणि हात सुटला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डोक्याला सहा टाके. जीव वाचला म्हणून सगळे देवाचे आभार मानतायत, मी पण मानते, पण तो रात्री उठून पायाला खाज येतेय म्हणतो आणि खाजवायला पाय नसतो तेव्हा काय बोलायचं ते कळत नाही.

असो. मुद्द्यावर येते.

त्याचा पास मोबाइलमध्ये होता आणि मोबाइल कुठे पडला ते माहीतच नाही, मिळालाच नाही. पडल्यावर दोन-तीन जणांनी उचलून स्टेशनवर आणलं, त्यातल्या कुणीतरी एका अनोळखी माणसाने मला फोन केला म्हणून आम्हाला कळलं तरी. सरकारी हॉस्पिटलमध्ये नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक हवालदार जबाब घ्यायला आले. तेव्हा तो ऑपरेशनमधून बाहेर येऊन जेमतेम काही तास झाले होते, धड बोलत पण नव्हता. उजव्या हाताला सलाईन होतं म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. मी खाली औषधं आणायला गेले होते. आता त्या कागदाची कॉपी मिळाली तर त्यात लिहिलंय की "रूळ ओलांडत असताना गाडीची धडक बसून". मी भावाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला मी असं कधी बोललो?

हॉस्पिटलच्या गेटवर एक जण भेटला, वकील आहे म्हणाला, एवढे पैसे मिळवून देतो पण चाळीस टक्के माझे, आणि आत्ताच्या आत्ता सही करा. घरात काका म्हणतात दारात उभा होता म्हणजे चूक त्याचीच, रेल्वे उलट त्यालाच दंड लावेल, गप्प बसा.

तर माझे प्रश्न. दारात उभं राहणं ही त्याची चूक धरतात का? रेल्वेचा निष्काळजीपणा मी सिद्ध कसा करू, तिथे तर कॅमेरा पण नाही? पास हरवला तर तो विनातिकीट ठरतो का? आणि त्या जबाबाचं काय करायचं?

---

खरं_बोलतो_राग_येतो

वाईट झालं पण खरं सांगू का. दारात लटकायचं आणि मग भरपाई मागायची, हे पैसे शेवटी कोण देतं? तुम्ही आम्हीच. पुढची गाडी सोडता येत नाही का पाच मिनिटांनी?

---

खिडकी_नाही_मिळाली

@खरं_बोलतो दादा तुम्ही शेवटचे संध्याकाळी साडेसहाच्या लोकलमध्ये कधी चढलात? पुढची सोडली तर तिच्यात पण हेच, त्याच्या पुढची सोडली तर घरी पोचायला दहा वाजतात आणि सकाळी पुन्हा साडेपाचला उठायचंय. दारात उभं राहायची हौस कुणाला नसते हो, माणसं दारात उभी नसतात, दारात अडकलेली असतात. २०२४ ला हायकोर्टानेच रेल्वेला झापलं होतं की नाही, गुरांपेक्षा वाईट अवस्थेत लोकांना नेता म्हणून.

ताई, कायद्याचं मला फारसं कळत नाही. इथे काळा कोटवाले आहेत एक, ते लिहितील. पण त्या गेटवरच्या माणसाला सही देऊ नका एवढं नक्की.

---

काळा_कोट_खुंटीला

ताई, मी बरीच वर्षं रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे रेल्वेकडून भरपाई मागायच्या कोर्टात, केसेस केल्या, आता तब्येतीमुळे बंद केलंय. त्यामुळे मला तुमच्याकडून काही नकोय, निवांत वाचा. थोडं लांबेल.

सगळ्यात आधी "निष्काळजीपणा" हा शब्द डोक्यातून काढून टाका. तुमचा अर्धा जीव त्यातच जातोय, आणि या कायद्यात त्याची गरजच नाही. रस्त्यावर गाडीने उडवलं तर ड्रायव्हरची चूक होती का, किती होती, आपली किती, हे सगळं बघतात. रेल्वेचं तसं नाही. रेल्वे कायदा १९८९ चा, त्यात १९९४ साली १२४-अ हे कलम घातलं. चालत्या पॅसेंजर गाडीतून प्रवासी अपघाताने पडला तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यायची. कलमातच तसं लिहिलंय. म्हणजे मोटरमनने झटका दिला का, खांब फार जवळ होता का, डबे कमी होते का, यातलं तुम्हाला काहीही सिद्ध करायचं नाहीये. कॅमेरा नाही म्हणून रडू नका.

आता त्याची स्वतःची चूक. रेल्वेचा वकील हेच बोलणार बघा, की हा दारात उभा होता, हा गुन्हा आहे, ही स्वतःहून करून घेतलेली इजा आहे. कलमात पाच अपवाद आहेत त्यावर ते बोट ठेवतात: आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, मुद्दाम करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, दारूच्या नशेत किंवा वेडाच्या भरात केलेलं काही, आणि नैसर्गिक कारण किंवा आजार. या पाचात बसलं तरच भरपाई नाही. "बेसावध होता" हा सहावा अपवाद कायद्यात कुठेच नाही.

आणि हे मी माझ्या मनाने सांगत नाही. २०१० साली जमीला केसमध्ये सुप्रीम कोर्टापुढे हाच प्रश्न होता, माणूस चालत्या गाडीच्या उघड्या दारात उभा होता आणि पडून गेला. कोर्ट म्हणालं, फार तर निष्काळजीपणा म्हणा, पण निष्काळजीपणा म्हणजे गुन्हेगारी कृत्य नव्हे. त्याच्या आधी २००८ ला प्रभाकरन विजयकुमार म्हणून केरळची केस, त्यात बाई गाडीत चढताना पडली. रेल्वे म्हणाली ती अजून गाडीत नव्हतीच तर गाडीतून पडली कशी. तिथे पण कोर्टाने सांगितलं की हा कायदा लोकांच्या भल्यासाठी केलाय, तो इतका चिंचोळा करून वाचायचा नाही. मग २०१८ ला रीना देवी. मुद्दाम करून घेतलेली इजा म्हणायचं तर तसा इरादा दिसायला हवा, नुसती बेपर्वाई पुरत नाही, आणि तुझी चूक इतकी टक्के म्हणून भरपाई कापायची हा प्रकार इथे चालणार नाही, हे तिच्यात साफ आलं.

मग लढाई कशावर होते? दोनच गोष्टींवर. हा प्रवासी होता का, आणि हा गाडीतूनच पडला का. बास. रेल्वे तुमच्याशी चूक कुणाची यावर भांडतच नाही खरं तर, ती म्हणते हा आमच्या गाडीत नव्हताच, हा रुळावर फिरत होता. रूळ ओलांडणाऱ्याला या कलमाखाली छदाम मिळत नाही, उलट १४७ कलमाखाली तोच गुन्हेगार. आता कळलं तुमच्या भावाच्या जबाबातले ते दोन शब्द किती महागात पडू शकतात? ते कुणी मुद्दाम लिहिले असं मी म्हणत नाही. दिवसाला इतक्या केसेस बघून त्यांच्या हातातून तेच वाक्य आपोआप उतरतं, मी शेकडो पंचनाम्यांत अक्षरशः तेच शब्द त्याच क्रमाने वाचलेत. पण म्हणून ते तसंच राहू द्यायचं नाही.

उद्याच्या उद्या पोलिसांना लेखी अर्ज द्या की शुद्धीत नसताना जबाब घेतला, पुरवणी जबाब घ्यावा. सोबत हॉस्पिटलच्या केसपेपरची झेरॉक्स जोडा ज्यात भूल किती वाजता दिली आणि कुठली इंजेक्शनं चालू होती त्याच्या वेळा आहेत. आपल्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटरवरून हलायचं नाही. घेत नाही म्हणाले तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. उशीर करू नका, आठ दिवसांत दुरुस्त करायला सांगितलेला जबाब आणि दोन वर्षांनी कोर्टात "मी असं बोललोच नव्हतो" यात फार फरक पडतो.

पासचं. पास अंगावर सापडला नाही म्हणजे विनातिकीट, असं नाही. रीना देवीतच आहे, तुम्ही ॲफिडेव्हिटवर सांगायचं की पास होता, कसा काढला, कधी काढला, मोबाइल हरवला. मग ते खोटं आहे हे दाखवायची जबाबदारी रेल्वेवर जाते. अर्थात जवळ काही असेल तर उत्तम. त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम काढा आणि ॲपमध्ये लॉगिन करून बुकिंग दिसतंय का बघा. नाही दिसलं तर पासचे पैसे ज्या दिवशी कापले गेले त्या दिवसाची बँकेची एन्ट्री. ती तर कुठे जात नाही.

मुदत अपघातापासून एक वर्ष. उशीर माफ होतो पण सबळ कारण दाखवावं लागतं, त्या भानगडीत पडू नका. कोर्ट फी नाही. तुम्ही राहता तिथलं ट्रिब्युनलचं बेंच, अपघात झाला तिथलं, किंवा पास जिथून काढला वा प्रवास जिथे संपणार होता तिथलं, कुठेही अर्ज चालतो. आणि चाळीस टक्के कसले? भाऊ आता अपंग व्यक्ती आहे, त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, तो त्याचा हक्क आहे.

---

खरं_बोलतो_राग_येतो

म्हणजे उद्या कोणी दारू पिऊन पडला तरी रेल्वेने पैसे द्यायचे का? कमाल आहे.

---

काळा_कोट_खुंटीला

वर अपवाद लिहिलेत ते परत वाचा. नशेत केलेल्या कृत्याला नाही. पण नशेत होता हे रेल्वेने दाखवायचं, ब्लड रिपोर्टवर, वासावरून नाही.

आणि चूक कुणाची हा प्रश्न कायद्यात मेलाय असंही समजू नका, तो दुसऱ्या दारातून येतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारातली माणसं पडली, आठवत असेल. त्यातल्या लोकांची भरपाई एकीकडे, ती १२४-अ खाली, चूक कुणाची हे न विचारता. आणि रुळाच्या कामात हलगर्जी झाली का याचा फौजदारी तपास दुसरीकडे, त्यात नोव्हेंबरमध्ये रेल्वेच्या इंजिनियरांवर गुन्हा दाखल झाला. एकाचा निकाल दुसऱ्यावर अवलंबून नाही. ताईंना पहिला रस्ता हवाय. दुसऱ्याच्या नादी लागल्या तर दहा वर्षं जातील आणि पाय काही परत येणार नाही.

---

निवृत्त_पण_रुळावरच

मुली मी रेल्वेत छत्तीस वर्षं काढली ऑपरेटिंगला, म्हणजे दुसऱ्या बाजूचा माणूस म्हण, तरी लिहितो. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला तो बरोबरच आहे मी कागद सांगतो कारण केस कागदावर जिंकतात.

गाडीतून माणूस पडला की स्टेशन मास्तरला कळतं, मोटरमन किंवा गार्ड सांगतो नाहीतर मागून येणाऱ्या गाडीचा मोटरमन सांगतो नाहीतर लोक येऊन सांगतात. मग मास्तर हमाल आणि स्ट्रेचर पाठवतो आणि एक मेमो फाडतो, एक कॉपी पोलिसांना जाते एक हॉस्पिटलला. त्या मेमोवर वेळ असते आणि किलोमीटर नंबर असतो, रुळाच्या कडेला खांबांवर आकडे लिहिलेले असतात बघ, वर किलोमीटर आणि खाली खांबाचा नंबर, तो. हा मेमो जबाबाच्या आधीचा कागद आहे म्हणून त्याला जास्त वजन. स्टेशनच्या डायरीत पण नोंद असते. दोन्हीची कॉपी माहितीच्या अधिकारात माग. पण माहिती अधिकाराला तीस दिवस लागतात आणि तो ज्या स्टेशनवर चढला तिथल्या प्लॅटफॉर्मचं रेकॉर्डिंग तोवर पुसलं जाईल, तर त्यासाठी वेगळं पत्र आजच दे की अमुक तारीख अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा. तो प्लॅटफॉर्मवर पिशवी घेऊन गाडीत चढताना दिसला म्हणजे निम्मं काम झालं, पडताना दिसायची गरज नाही.

खांबाचा नंबर कळला की तिथे जाऊन नुसती जागा बघ, रुळावर उतरू नकोस, पुलावरून नाहीतर कुंपणाच्या बाहेरून बघ. फोटो काढ. दोन्ही बाजूला भिंत असेल, नाला असेल, फाटक नसेल, वस्ती नसेल तर तिथे कुणी रूळ ओलांडायला जाईल कशाला? आणि मार कसा लागलाय तो पण बघतात, इंजिनची समोरून धडक बसलेला माणूस सहसा असा सहा टाके घेऊन घरी येत नाही बाळा, ते मी डोळ्यांनी पाहिलंय फार. गाडीतून पडतो तो बाजूला लोळतो आणि पाय आत जातो.

दुसरं, २००३ चे नियम आहेत, त्याप्रमाणे आरपीएफला प्रत्येक अशा घटनेची चौकशी करावी लागते आणि रिपोर्ट डीआरएमकडे, म्हणजे रेल्वे विभागाच्या मुख्य साहेबांकडे जातो. तोच रिपोर्ट नंतर रेल्वेचा वकील ट्रिब्युनलमध्ये पुढे करतो. लोकांना पोलिस म्हणजे एकच वाटतात पण जीआरपी राज्य सरकारचे आणि आरपीएफ रेल्वेचे. तू जीआरपीला जे पत्र देशील त्याची कॉपी आरपीएफला आणि डीआरएम ऑफिसला पण दे, नाहीतर ते जुना जबाब चिकटवून मोकळे होतील.

आणि आता एक विचारतो. तू लिहिलंस एका अनोळखी माणसाने फोन केला. भावाचा मोबाइल तर हरवला होता. मग फोन कुणाच्या मोबाइलवरून आला?

---

सहा_बावीस_लेडीज

काका... त्या माणसाच्या स्वतःच्या. भावाने शुद्ध जायच्या आधी माझा नंबर सांगितला असणार, त्याला पाठ आहे.

हा विचारच आला नाही हो डोक्यात. नंबर कॉल लॉगमध्ये असेल. बघते.

---

निवृत्त_पण_रुळावरच

आधी स्क्रीनशॉट काढ, मग फोन कर. लॉग भरला की जुने कॉल जातात.

---

मनूची_आई

ताई धीर धरा. आमच्या सासऱ्यांच्या वेळी हेच सगळं झालं, ते २०१४ ला गेले गाडीतून पडून, गर्दीत. अंगावर तिकीट सापडलं नाही. सापडणार कसं, कपडे हॉस्पिटलमध्ये कापून काढले आणि एका काळ्या पिशवीत बांधून आमच्या हातात दिले, ती पिशवी उघडायची हिंमत घरात कुणाला झाली नाही, अजून माळ्यावर आहे. रेल्वेने लिहून दिलं की हे प्रवासीच नव्हते. सासूबाईंनी ॲफिडेव्हिट केलं की सकाळी माझ्याकडून सुटे पैसे घेऊन तिकीट काढायला गेले, आणि ते ज्यांच्याकडे लग्नाला चालले होते त्यांनी येऊन सांगितलं. तारखा इतक्या पडल्या की सासूबाईंना त्या कोर्टाच्या बाहेरचा चहावाला नावाने ओळखायला लागला. पाच वर्षं लागली.

पैशाचं एक सांगते ते लक्षात ठेवा. तेव्हा मृत्यूला चार लाख होते, १ जानेवारी २०१७ पासून आठ झाले. आमचा अपघात जुना म्हणून रेल्वे चारच देत होती, पण निकाल २०१९ ला लागला आणि तोवर ते रीना देवीचं आलेलं, की अपघाताच्या दिवशीची रक्कम अधिक व्याज, किंवा निकालाच्या दिवशीची रक्कम, जी जास्त ती द्यायची. आम्हाला आठ मिळाले. पैसे थेट सासूबाईंच्या खात्यात आले आणि त्यातले बरेच एफडीत अडकवून दिले कोर्टाने. तेव्हा राग आला होता, आता वाटतं बरं झालं, नाहीतर दिरांनी टेम्पो घेतला असता.

---

काळा_कोट_खुंटीला

मनूच्या आईंनी रकमेचं काढलं ते बरं झालं, माझं राहून गेलं होतं. जखमींसाठी नियमांना जोडलेला तक्ता आहे. दोन्ही हात गेले, किंवा एक हात आणि एक पाय, किंवा दोन्ही डोळे, तर मृत्यूइतकेच म्हणजे पूर्ण आठ लाख. एक पाय गेला तर किती, ते कुठून कापला त्यावर आहे. आणि गुडघ्याखाली असेल तर उरलेला स्टंप किती लांब आहे त्यावरून रक्कम बदलते, चक्क सेंटिमीटरमध्ये. ऐकायला क्रूर वाटतं, आहेच. म्हणून डिस्चार्ज कार्डवर नुसतं "गुडघ्याखाली कापला" असं आणू नका, डॉक्टरांना सांगून लांबी लिहून घ्या. मी एका केसमध्ये बघितलंय, कार्डवर लांबी नव्हती, मग त्या माणसाला दोन वर्षांनी पुन्हा मोजमापासाठी सरकारी हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहावं लागलं, तेही एका पायावर.

अपंगत्वाचं सर्टिफिकेट आत्तापासून लावून धरा, त्याला वेळ लागतो.

---

हिशोबनीस

कायद्यातलं नाही पण पैशातलं सांगतो. भावाच्या बँकेच्या पासबुकात वर्षातून एकदा २० रुपये कापलेले दिसतायत का बघा, साधारण मे-जूनच्या सुमारास. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असते, अनेकांना माहीतच नसतं की आपण फॉर्मवर टिक केलेली. अपघातात एक पाय गेला तर एक लाख. याच्यात रेल्वेच्या भरपाईचा काही संबंध नाही, विमा वेगळा, दोन्ही मिळतात. फक्त बँकेत लगेच कळवा, उशीर झाला की नाटकं करतात.

आणि पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापत असतील तर तिथेही कळवा. कामावर जाता-येता झालेला अपघात पण त्यात धरतात, कामावरच व्हायला हवा असं नाही. गोडाऊनवाल्याने नाव टाकलंय की नाही देव जाणे, पण पगाराची स्लिप बघा.

---

पायरी_चुकली

विषय थोडा वेगळा पण इथेच विचारते. माझ्या आईचा पाय प्लॅटफॉर्मवर घसरला, पावसात, फरशी नवीन गुळगुळीत बसवलेली, खुब्याचं हाड मोडलं. तिकीट आहे जपून ठेवलेलं. १२४-अ लागू होईल का? स्टेशन नाही सांगत.

---

काळा_कोट_खुंटीला

नाही होणार. कलमात "गाडीतून पडणे" आहे. प्लॅटफॉर्मवर दंगल, दरोडा, हल्ला, बॉम्ब असलं काही झालं तर ते धरतात, पण नुसतं घसरणं धरत नाहीत. तुम्हाला ग्राहक आयोगात जावं लागेल, सेवेतली त्रुटी म्हणून, मुदत दोन वर्षं. आणि तिथे मात्र ताईंच्या उलट, तुम्हाला निष्काळजीपणा दाखवावाच लागेल. फरशी ओली होती, चटया किंवा बोर्ड नव्हता, आधीही लोक घसरलेत, स्टेशनच्या तक्रार वहीत कुणी लिहिलंय. पाऊस आहे तोवर जाऊन त्या फरशीचे फोटो काढा, व्हिडिओ काढा. उन्हाळ्यात तीच फरशी एकदम निरागस दिसते.

वेगळा धागा काढा ना, तिथे सविस्तर लिहितो.

---

खरं_बोलतो_राग_येतो

ताई, पहिल्या कमेंटचा राग धरू नका. माझं मत तेच आहे की दरवाजे बंद होणाऱ्या गाड्या आल्याशिवाय हे थांबणार नाही, पण तुमच्या भावाला उद्देशून ते बोलायला नको होतं. चांगला जयपूर फूट हवा असेल तर माझ्या ओळखीत एकाने बसवलाय, तो माणूस आता स्कूटर चालवतो. मेसेज करा, नंबर देतो.

---

सहा_बावीस_लेडीज

सगळ्यांचे खूप आभार. अकरा दिवसांनी लिहितेय, धावपळ होती.

पुरवणी जबाबाचा अर्ज दिला. आधी घेत नव्हते, साहेब नाहीत म्हणाले, मी बाकावर बसून राहिले अडीच तास, मग शिक्का मिळाला. भूल दिल्याची वेळ केसपेपरवर स्पष्ट आहे, आणि जबाबावरची वेळ तिच्या फार मागे नाही, ते वाचून तिथल्या बाईंनीच मान हलवली. आरपीएफ आणि डीआरएमला रजिस्टरने पाठवलं, पावत्या फाइलला लावल्या. सिम काढलं पण ॲपने लॉगिन करताना त्रास दिला, बुकिंग अजून दिसलं नाही, बँकेत मात्र पासाची एन्ट्री मिळाली, अपघाताच्या एकोणीस दिवस आधीची. महिन्याचा पास होता, म्हणजे चालू होता. वीस रुपये पण कापलेले सापडले हिशोबनीस दादा, दोन वर्षं सलग.

डॉक्टरांनी स्टंपची लांबी लिहून दिली. मोजताना भाऊ तिकडे तोंड करून बसला होता.

निवृत्त काका, तो नंबर होता लॉगमध्ये. फोन केला तर पहिल्यांदा उचलला नाही, मग रात्री स्वतःच केला. एका प्रेसमध्ये कामाला आहेत, रोज त्याच गाडीने येतात, मधल्या डब्यात. म्हणाले तुझा भाऊ माझ्या बाजूलाच होता, मी त्याचा शर्ट धरलेला पण कॉलर हातात राहिली. पुढच्या स्टेशनला उतरून ते आणि अजून दोघं रुळाच्या कडेने मागे चालत गेले त्याला शोधायला. ॲफिडेव्हिट देतो म्हणाले, लागेल तेव्हा सुट्टी टाकून येतो म्हणाले. मी रडायलाच लागले फोनवर.

आणि मग त्यांनी विचारलं की तो डबा कुणाकडे द्यायचा. भावाची पिशवी दारातल्याच कुणाच्या तरी पायात अडकून गाडीत राहिली होती, ती यांनी घरी नेली. "बायकोने धुऊन ठेवलाय, एक वाटी चेपलीय फक्त." रविवारी आणून देणार आहेत.